टॉमकॅट 7 वरून 8 वर गेल्यावर साइट लटकत होती, ती अशी सुटली

टॉमकॅट म्हणजे आमचं जावा वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर. गर्दी झाली की पानं नुसती फिरत राहायची. लॉगमध्ये एरर नाही, डेटाबेस निवांत. गोम होती कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये. टॉमकॅट 8 चा मूळ पूल (डेटाबेसची कनेक्शनं सांभाळून वाटणारी लायब्ररी) डीबीसीपी 2 आहे; त्यात 'मॅक्सअ‍ॅक्टिव्ह'चं 'मॅक्सटोटल' (एकूण कनेक्शनची मर्यादा) आणि 'मॅक्सवेट'चं 'मॅक्सवेटमिलिस' (कनेक्शनसाठी किती थांबायचं) झालंय. जुनी नावं दुर्लक्षित होतात आणि डीफॉल्ट लागतो: फक्त 8 कनेक्शन, वाट पाहायला मर्यादाच नाही. सर्व्हर सुरू होताना वॉर्निंग येते म्हणा, पण ती वाचतं कोण!

मॅक्सटोटल 40, मॅक्सवेटमिलिस 10000 (म्हणजे 10 सेकंद) करून रीस्टार्ट. दोन सर्व्हर, म्हणजे एकूण 80 कनेक्शन. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस; त्याची मूळ मर्यादा 100, त्यात 3 सुपरयूजरसाठी (डेटाबेसच्या अ‍ॅडमिनसाठी) राखीव, म्हणजे 80 आरामात बसतात. तरीही पूल आटत असेल तर कोडमध्ये कुठेतरी कनेक्शन क्लोज करायचं राहिलंय. 'रिमूव्हअबॅन्डन्डऑनबॉरो' आणि 'लॉगअबॅन्डन्ड' ट्रू करा: पहिलं सोडून दिलेलं कनेक्शन परत घेतं, दुसरं त्याची लॉगमध्ये नोंद करतं. कनेक्शन कोणत्या ओळीने अडवलं ते लॉगमधल्या स्टॅक ट्रेसमध्येच (कोडच्या कॉलच्या यादीत) दिसतं.