नवं रूप पाहून लॅपटॉप बदलायचा का?

नव्या डिझाइनचा लॅपटॉप दिसला की मोह होतोच, पण आधी जुन्याची नाडी तपासा. रोजची कामं चालू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर (लॅपटॉपचा कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडा. मेमरी, म्हणजे चालू कामांसाठी लागणारी रॅम, सतत काठोकाठ भरलेली दिसली, तर ती वाढवता येते का पाहा. हार्ड डिस्क सतत १०० टक्के कामात अडकलेली दिसत असेल तर तिच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवा, फरक लगेच जाणवतो. बॅटरीच जुनी होऊन लवकर उतरत असेल तर तेवढीच बदला. प्रोसेसरच कमी पडतोय किंवा सिक्युरिटी अपडेट्स बंद झालेत? मग मात्र नवा घ्या.

तरीही नव्या साच्याची पहिलीच आवृत्ती घाईने उचलू नका, असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅपलने २०१६ मध्ये मॅकबुक प्रोचं रूप पालटलं. त्यातल्या बटरफ्लाय कीबोर्डची (अतिशय चपट्या कळांचा कीबोर्ड) बटणं अडकू लागल्याने २०१८ मध्ये मोफत दुरुस्ती योजना आणावी लागली, आणि काढून टाकलेला एचडीएमआय पोर्ट (टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडायची जागा) २०२१ मध्ये परत आला.