केळीच्या मालमोटारीची केबिन चालकासाठी कशी तपासावी

रावेर-यावल परिसरातून केळी भरून उत्तरेकडे निघणाऱ्या मालमोटारीची केबिन शोरूममध्ये नव्हे, तर नेहमीच्या चालकासह, एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी तपासावी. कारण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तापलेल्या रेक्झिनचा आणि काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्रास मोजपट्टीवर दिसत नाही.

मोजमापासाठी उंच आणि बुटके असे दोन्ही टोकांचे चालक निवडावेत. केवळ सरासरी बांध्यासाठी आखलेली केबिन दोघांनाही गैरसोयीची ठरते, म्हणूनच आराखड्यात साधारणपणे ५व्या ते ९५व्या शतमकापर्यंतची, म्हणजे सर्वांत लहान ५ टक्के आणि सर्वांत मोठी ५ टक्के मापे वगळून उरलेली, शरीरमापे धरली जातात. क्लच तळापर्यंत दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा, पाठ टेकलेली असावी आणि खांदा पुढे न ओढता गिअरचा दांडा हाती यावा.

समाधान जाणून घेताना ‘सीट कशी आहे?’ एवढेच विचारू नये. त्यावर ‘चांगली आहे, भाऊ’ हेच उत्तर मिळते. कॉर्लेट आणि बिशप या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या धर्तीवर शरीराचे चित्र दाखवून मान, कंबर, मांड्या अशा भागांच्या त्रासाला गुण द्यायला सांगावे, आणि ही नोंद निघण्यापूर्वी व नंतर ठरावीक वेळाने, गाडी थांबवूनच, घ्यावी. सुरुवातीला मऊ आसन सर्वांनाच आवडते, त्यामुळे पहिल्या गुणांवर फारसे विसंबू नये. आरसे आणि पंखा यांबद्दल स्वतंत्र प्रश्न ठेवावेत. मालकासमोर चालक मोकळेपणाने बोलत नाही, तेव्हा त्याला एकट्यालाच विचारावे.