जोंगाचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन काढू नका, जागेवर आणा

आमच्याकडे चिपळूण-खेड पट्ट्यात लष्कराच्या लिलावातून आलेल्या बऱ्याच जोंगा (लष्करासाठी बनलेल्या जीपसारख्या गाड्या) आहेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या बॉनेटखाली आता कुठलं तरी डिझेल इंजिन बसलंय. मला ते बघून खरंच वाईट वाटतं. जबलपूरच्या कारखान्यात 1969 ते 1999 ही गाडी बनली, निसानचं पी इंजिन, 3956 सीसी, सहा सिलिंडर एका रांगेत, बोअर 85.7 आणि स्ट्रोक 114.3 मिलिमीटर. स्ट्रोक एवढा लांब म्हणजे हे इंजिन रेस करायला नाही, खालच्या आरपीएमला ओढायला बनवलंय. आणि रांगेतल्या सहाचा तोल मुळातच असा असतो की पिस्टनचे झटके आपापसात जिरतात, नीट लागलेलं इंजिन स्लोवर (रेस न देता, जागेवर चालू) असताना एअर क्लीनरवर हात ठेवला तरी थरथर लागत नाही. ते सुख डिझेल बसवून मिळत नाही.

तर ट्यूनिंग म्हणजे माझ्या मते सहाही सिलिंडरला सारखं कूलिंगचं पाणी, सारखी हवा-पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी, बाकी सगळं नंतर. जुन्या शेवरले किंवा डॉजचं सिक्स असेल तरी बहुतेक हेच लागू होतं.

आधी कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम करा, सहाही स्पार्क प्लग काढा, कॉईलची वायर काढून बाजूला ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून पाच-सहा फेरे स्टार्टर मारा आणि आकडे कागदावर लिहा. आकडा किती आला यापेक्षा सहा आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत असेल तर हेड उघडूच नका. एखादा कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून परत बघा, आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व बसत नाहीये. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर बहुतेक मधलं हेड पॅकिंग उडालंय.

हेड उघडलंच तर व्हॉल्वच्या सीट (व्हॉल्व बंद होताना जिथे टेकतो ती कडा) बघून घ्या, पेट्रोलमधलं शिसं या सीटना झिजू द्यायचं नाही, ते शिशाचं पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं, जुन्या मऊ सीटवर एक्झॉस्ट व्हॉल्व हळूहळू खोल जातो, त्यामुळे एक्झॉस्टला हार्ड सीट टाकून घेणं हा मला सगळ्यात वसूल होणारा खर्च वाटतो. सहाचं हेड लांब असतं, वाकतं, त्यावर सरळपट्टी लांबीत आणि तिरकी ठेवून खालून 0.1 चा फिलर जातो का बघा. जात असेल तर फेसिंग करा (मशिनवर घासून सपाट करा), पण कॉम्प्रेशन वाढवायचं म्हणून मिलिमीटरभर घासू नका. अर्धा मिलिमीटर घासून प्रत्येक सिलिंडरमागे फार फार तर 2.9 सीसी जागा कमी होते, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो 7 असेल तर 7.2 सुद्धा होत नाही, आणि पुशरॉडची लांबी मात्र बिघडते. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच.

आता पाणी. याच्यावर मी जास्त बोलणार कारण कोकणात ही इंजिनं इथेच मरतात. पंप पुढे, ब्लॉक लांब, त्यामुळे जो गाळ येतो तो मागे जाऊन बसतो, पाचव्या-सहाव्या सिलिंडरच्या भोवती. माझी गाडी परशुराम घाटात दर वेळी काटा लाल करायची. एका गॅरेजमध्ये रेडिएटर दोनदा बदलून झाला, थर्मोस्टॅट काढून फेकला, पैसे गेले आणि फरक शून्य. शेवटी आमच्या मेस्त्रीकाकांनी ब्लॉकच्या बाजूचा सगळ्यात मागचा कोअर प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेचं भोक बंद करणारी पत्र्याची टोपी) छिन्नीने आत वळवून पकडीने ओढून काढला तर भोकातून पाण्याचा थेंब आला नाही. आत गच्च लाल गाळ, जांभ्याच्या मातीसारखा, क्लचची जुनी केबल उलगडून तारेने तो खरवडला, पाऊण टोपली निघाली असेल. मग नळी लावून मागून पुढे पाणी मारलं, ते स्वच्छ यायला तासभर लागला. त्या दिवसानंतर काटा मधोमध.

म्हणून कोअर प्लग काढा, गाळ काढा, नवीन प्लग पितळेचे बसवा, लोखंडी आपल्या हवेत टिकत नाहीत. विहिरीचं पाणी घालू नका, किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ असतात, मीठ थेट ब्लॉक खातं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. थर्मोस्टॅट परत बसवा, तो नसला की इंजिन सपाटीला थंड राहून ऑईलमध्ये पाणी साठतं.

टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्वची गॅप लावायला, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) लक्षात ठेवा, 1-5-3-6-2-4. यात जोड्या आहेत: एकची सहा, पाचची दोन, तीनची चार. सहाचे दोन्ही व्हॉल्व एकदम हलायला लागले की एकचे दोन्ही टॅपेट लावायचे, मग क्रँक एक तृतीयांश फेरा, दोनचे हलले की पाचचे, असं करत दोन फेऱ्यांत सगळं होतं. गॅप मॅन्युअलमध्ये आहे तेवढीच, गरम म्हटलंय तर गरमच.

ठिणगीचं म्हणाल तर 3000 आरपीएमला या इंजिनाला मिनिटाला 9000 ठिणग्या लागतात, ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉईंट झिजतातच. हॉल सेन्सरवालं इलेक्ट्रॉनिक किट डिलकोमध्ये (डिस्ट्रिब्यूटरमध्ये) बसवा, पण घेण्याआधी आपलं वायरिंग 12 व्होल्टचं आहे की 24 चं ते बघा. जुनी पॉईंट प्लेट आणि कंडेन्सर गाडीतच ठेवा, किट गेलं तर रात्री घाटात तेच घरी आणतात. पावसाळ्यात डिलकोच्या कॅपमध्ये दमट हवेने मिसिंग येतं, कॅप नवीन घ्या आणि वायरींचे रबरी बूट घट्ट असू द्या.

ठिणगीचं टायमिंग आधी टायमिंग लाईटवर मॅन्युअलप्रमाणे लावा, मग इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरला हवा-पेट्रोल वाटणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज जोडा. आपण समुद्रसपाटीला राहतो हा फायदा, स्लोवर काटा 17 ते 21 इंचांच्या मध्ये स्थिर पाहिजे. ठराविक वेळाने टिचकी मारल्यासारखा खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व नीट बसत नाहीये. हाच गेज घेऊन कुंभार्ली घाट चढून वर गेलात तर आकडा कमी दिसेल, घाबरू नका, दर हजार फुटांना साधारण 1 इंच कमी होतोच.

कार्बोरेटर एक आणि सिलिंडर सहा, म्हणजे मधल्या तीन-चारला पेट्रोल जवळ आणि कडेच्या एक आणि सहाला लांब. प्लग काढून रांगेत ठेवले की कडेचे पांढरट आणि मधले काळपट दिसतात, हा जुन्या सिक्सचा स्वभावच आहे. कडेचे दोन बघून जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) ठरवा, मधले थोडे काळे राहिले तर राहू देत, पांढऱ्या प्लगने पिस्टन जळतो. त्यात आता पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला साधारण 13.5, म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. जेटचं भोक व्यासाने साधारण 4 टक्के मोठं लागतं, एखादी पायरी वर जा, मग परत प्लग बघा. पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाईप वायटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) करा, आणि पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल सोसणारा घ्या.

जुळे किंवा तिळे कार्बोरेटर बसवले की कडेच्या सिलिंडरची उपासमार संपते हे खरंय, पण ते एकमेकांशी जुळवत बसायची तयारी असेल तरच. मला विचाराल तर तो पैसा आधी एक्झॉस्टवर घाला. 1-5-3-6-2-4 परत बघा, पुढच्या तिनातला एक, मागच्या तिनातला एक, पुढचा, मागचा, असंच चालतं. म्हणून एक-दोन-तीनचा एक पाईप आणि चार-पाच-सहाचा दुसरा केला की प्रत्येक पाईपात सारख्या अंतराने धूर येतो, कोणी कोणाला अडवत नाही. आवाज भरदार येतो आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मोकळं वाटतं. मॅनिफोल्ड बसवताना इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना जोडून मगच एकत्र फेसिंग करा, वेगवेगळं केलं की पॅकिंग महिन्यात फुंकतं.

सगळं झाल्यावर कुंभार्लीच्या चढावर दोन किलोमीटर लोडमध्ये ओढा, जागा बघून चावी बंद करून न्यूट्रलमध्ये थांबा आणि इंजिन जरा निवलं की तिथेच प्लग काढून बघा. स्लोवर चालवून घरी आणलेल्या गाडीचे प्लग खोटं बोलतात.

आणि मिरग लागायच्या आधी, गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरा म्हणजे वरच्या मोकळ्या हवेतला दमटपणा इथेनॉल पिणार नाही, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे फ्लोटच्या वाटीत काही उरणार नाही, नाहीतर दिवाळीला कार्बोरेटर उघडाल तेव्हा आत पांढरी पावडर आणि बुजलेले जेट मिळतील. प्लगच्या भोकांतून प्रत्येकी चमचाभर ऑईल सोडा आणि पंधरा दिवसांनी एकदा क्रँक हाताने फिरवा.