नवा मोटोक्रॉस बूट: आधी टाच बघा

मोटोक्रॉस म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकलची शर्यत. गेल्या हिवाळ्यात आमच्या ट्रॅकवर बारा वर्षांचा एक मुलगा नवेकोरे बूट घालून आला. पहिल्याच फेरीत त्याचा गिअर तीनदा चुकला. पुढे एका वळणावर त्यानं पाय बाहेर काढला, तेव्हा बूट एकीकडे वळला आणि आतला पाय दुसरीकडे राहिला. मी त्याला थांबवलं, बकलं तशीच ठेवून टाचेच्या मागं बोटं घातली. दोन बोटं आरामात आत गेली. वडील शेजारीच उभे होते. म्हणाले, "वाढतं वय आहे, म्हणून दोन नंबर मोठेच घेतले. दोन वर्षं तरी जातील."

त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आपण शाळेचा गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचा शिवतो, आणि हे बूट स्वस्त नसतात. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची, पहिली फेरी झाली, तेव्हापासून माझ्याकडे मुलांना शिकायला घेऊन येणारे पालक वाढले आहेत, आणि बुटांचा प्रश्न प्रत्येकाचा असतो. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरचा. आजोळी चपलांचं काम चालायचं. नवी चप्पल गिऱ्हाइकाच्या हातात देताना मामा सांगायचा, "आठ दिवस चावंल, तेल लावत ऱ्हावा, मग तुमच्या पायाची हुईल." कातड्याच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. माझे पहिले मोटोक्रॉस बूट मी हाच हिशेब धरून घेतले. बोटं दाबली जात होती, पण म्हटलं, सैल होतील. तीन महिन्यांनी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, बूट होते तेवढेच राहिले. आजचा मोटोक्रॉस बूट बहुतांशी मायक्रोफायबर आणि प्लास्टिकचा असतो. तो पायाप्रमाणे ताणला जात नाही. घोट्याच्या सांध्यात तो वाकायला शिकतो, एवढंच.

म्हणून दुकानात पाय आत गेल्यावर स्वतःला एकच गोष्ट विचारायची: हा त्रास ताठपणाचा आहे की मापाचा? ताठपणा चार-पाच वेळा गाडी चालवली की जातो. माप चुकलं तर ते बूट फाटेपर्यंत चुकलेलंच राहतं. नवा बूट ताठ आहे म्हणून मोठा नंबर घेणारे मी खूप पाहिले आहेत. दुखणं एक आणि औषध भलतंच, असं ते होतं.

ताठपणा हवाच असतो, हेही सांगायला पाहिजे. १९९९ साली एका शेतातल्या शर्यतीत मी गमबूट घालून उतरलो होतो. उडी चुकली, डावं पाऊल फुटरेस्ट आणि जमीन यांच्यामध्ये सापडलं. घोट्याची दोन हाडं मोडली आणि सहा आठवडे प्लास्टर होतं. गमबुटानं चिखल अडवला, पण घोटा पिळवटायचा थांबवला नाही. मोटोक्रॉस बूट घोट्याला पुढंमागं ठरावीक मर्यादेत हलू देतो आणि आडवं वळू देत नाही. तो ताठ असतो तो याच कामासाठी.

आता माप. पाय संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात आणि उन्हात तो थोडा फुगतो. जे लांब मोजे घालून गाडी चालवणार तेच घाला, टाच भिंतीला टेकवा, पुठ्ठ्यावर उभे राहा आणि सगळ्यात पुढच्या बोटासमोर पेन उभं धरून खूण करा. दोन्ही पाय मोजा, ते सहसा सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप धरा. चवड्याची रुंदीही लिहून ठेवा. पोटरीचा घेर मोजताना गुडघ्याचं गार्ड आणि पँट चढवलेली असू द्या, कारण हे दोन्ही बुटाच्या आत जातं. पोटऱ्या भरदार असतील तर सगळ्यात वरचं बकल लागतच नाही, आणि हे घरी पार्सल उघडल्यावर कळतं.

नंबरांचा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडचा ८ नंबर ब्रिटिश पद्धतीचा असतो, आणि अमेरिकन पद्धतीत तोच साधारण ९ होतो. खोक्यावर नुसतं ८ लिहिलं असेल तर ते कुठलं ८ ते विचारा. युरोपीय पद्धतीत एका नंबरात ६.६७ मिलिमीटरचा फरक असतो, ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत जवळपास ८.५ मिलिमीटरचा. म्हणून शेवटी पुठ्ठ्यावरचे सेंटीमीटर आणि त्या कंपनीचा तक्ता, एवढ्यावरच भरवसा ठेवा. आतली बांधणीही वेगळी असते. अल्पाइनस्टार्स कंपनीच्या टेक १० बुटात आतला मऊ मोजाबूट वेगळा निघतो, गाएर्ने कंपनीच्या एसजी-१२ मध्ये तो नसतो. त्यामुळे एकाच नंबरात पाय दोन्हीकडे वेगळा बसतो. मित्राचा नंबर ऐकून ऑर्डर देऊ नका.

बूट चढवताना सगळी बकलं पूर्ण उघडा. पाय आत सरकवला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. मग खालून वर बकलं लावत जा. घोट्यासमोरून जाणारं बकल नीट घट्ट हवं, कारण टाच तेच धरून ठेवतं. सगळ्यात वरचं फक्त पोटरीला टेकेल इतकं. एकदा वरपर्यंत गेलात की पुन्हा खालपासून प्रत्येक बकल तपासा, एखादं नक्की सैल झालेलं असतं.

आता चालू नका. दुकानात सगळे चालून बघतात आणि "रोबोटसारखं वाटतंय" म्हणून नाराज होतात. हा बूट चालण्यासाठी बनवलेलाच नाही. गुडघे वाकवा, कंबर मागं न्या, कोपरं बाहेर काढा, म्हणजे उभ्यानं गाडी चालवताना जशी बैठक असते तशी घ्या. सरळ उभं असताना बोटं पुढं हलकी टेकली तर चालतं, पण या बैठकीत ती सुटी झाली पाहिजेत आणि हलवता आली पाहिजेत. मग चवड्यावर उठा. टाच आत चार-पाच मिलिमीटर उचलली गेली तर हरकत नाही. बोटभर उचलली गेली तर तो बूट परत द्या, कितीही आवडला असला तरी. टाच सुटली की पायाचा हुकूम बुटापर्यंत उशिरा पोहोचतो. त्या मुलाचे गिअर चुकत होते ते म्हणूनच.

घरी आणल्यावर घाई करू नका. रोज संध्याकाळी वीस-तीस मिनिटं घाला, जिने चढा-उतरा, उठाबशा काढा. गाडी स्टँडवर लावून बंद इंजिनावर नुसतं गिअर लिव्हर वरखाली करत बसा. मी शंभर-दीडशे वेळा करायला लावतो. मुलं कंटाळतात, पण घोट्याचा सांधा आणि डोकं दोघांनाही नव्या बुटाची जाडी त्यातूनच कळते. लाल होणारी जागा दिसली की तिथं कागदी वैद्यकीय पट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका. बुटात गरम पाणी भरून ठेवणं, तेल चोपडणं, हातोडीनं ठोकणं हे सगळं मी ऐकलं आणि पाहिलं आहे. चपलेला जे मानवतं ते या बुटाला मानवत नाही, चिकटवलेले भाग सुटतात. शर्यतीच्या दिवशी नवा बूट पहिल्यांदा घालू नका. आधी किमान चार सराव झालेले असू द्यात.

सर्वांत दुर्लक्षित काम आता सांगतो: बुटाप्रमाणे गाडी लावून घेणं. नव्या बुटाचं नाक जाड असतं. जुन्या बुटाला जुळवलेल्या लिव्हरखाली ते शिरतच नाही. मग स्वार अख्खा पाय फुटरेस्टवरून उचलतो, आणि उडीच्या तोंडावर पाय उचललेला असणं फार वाईट. गिअर लिव्हर दात्यांच्या शाफ्टवर बसलेलं असतं. बोल्ट ढिला करा, लिव्हर बाहेर ओढा, एक दाता वर बसवा, बोल्ट पुन्हा घट्ट आवळा. चवडा फुटरेस्टवर तसाच ठेवून नाक लिव्हरखाली सरकलं की झालं. दोन दाते वर नेऊ नका, खाली गिअर पाडताना पाय पुन्हा उचलावा लागतो.

मागच्या ब्रेकचा धोका छुपा आहे. ताठ बुटात घोटा पुरेसा वर वळत नाही, म्हणून नकळत पाय पेडलवर टेकून राहतो. ब्रेक घासत राहतो, तापतो, आणि दहा मिनिटांनी पेडल मऊ पडतं. पेडलची उंची थोडी कमी करा, पण गाडीच्या पुस्तकात दिलेला प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, तेवढाच राखा. नंतर मागचं चाक उचलून हातानं फिरवा. मोकळं फिरलं तरच ट्रॅकवर जा.

तळव्याविषयी थोडक्यात. ट्रॅकवर सपाट तळवा चांगला, वळणावर टेकवलेला पाय जमिनीत अडकत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात गाडी ढकलायची वेळ येणारच असेल, तर एंड्युरोचा, म्हणजे रानावनातल्या लांब शर्यतींच्या बुटाचा, नक्षीदार तळवा घ्या. खरेदीच्या वेळी आतल्या पट्टीवर ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आणि मोटारसायकलस्वाराचं चित्र शोधा. २०१७ च्या आवृत्तीप्रमाणे त्याखाली चार आकडे असतात: उंची, घासणं, कापलं जाणं आणि आडवं दाबलं जाणं. प्रत्येक ठिकाणी १ किंवा २, आणि २ म्हणजे वरचा दर्जा. दिसायला सारख्या स्वस्त बुटांवर हे नसेल तर मी ते मुलांना घालू देत नाही.

वापरताना पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या तर घोट्यासमोरचं बकल एक खाच सोडा. नडगी सोलली जात असेल तर मोजा आखूड आहे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की थांबून बकलं पुन्हा एकदा आवळा, आतला फोम दबलेला असतो. काही दिवसांनी सांध्यातून कर्रकर्र आवाज येईल. चपलेच्या या आवाजासाठी लोक जास्त पैसे मोजतात, बुटात मात्र तो धुळीचा असतो. पाण्यानं धुवा, वाळवा, सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा द्या. प्रेशर वॉशरचा झोत बुटाच्या आत मारू नका, पेट्रोलनं पुसू नका, उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका. आतला तळ काढून ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा आणि ओला झालेला कागद बदलत राहा. जुलैत याला दोन दिवस लागतात. तेवढे द्या, नाहीतर बुरशी लागते.

पुन्हा त्या मुलाकडे. वाढत्या पायाला जागा द्यायचीच, पण ती पुढं द्यायची, बोटांसमोर जास्तीत जास्त एक सेंटीमीटर. टाच आणि पावलाचा वरचा भाग पहिल्या दिवसापासून घट्ट धरलेला हवा. त्याचे बूट फक्त दोनदा वापरलेले होते. आमच्याच ट्रॅकवर येणाऱ्या एका मोठ्या मुलीला ते बरोबर बसले, आणि तिचे आधीचे बूट याला. त्या दिवसापासून शेडमध्ये एक लोखंडी कपाट बुटांसाठीच ठेवलं आहे. लहान झालेली जोडी पालक तिथं ठेवतात, पुढच्या मापाची घेऊन जातात, वरचा फरक आपसात ठरवतात. प्रत्येक बुटाच्या आत जिभेवर मार्करनं आतली लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिलेली असते, नंबर नाही. सध्या कपाटात साडेबावीसची एक आणि चोवीसच्या दोन जोड्या आहेत.