संदर्भ तपासताना विचारायचा एक प्रश्न
स्वयंसेवकाने अर्जात दिलेल्या संदर्भ-व्यक्तीला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या आणि त्याच्याविषयी सांगू शकणाऱ्या माणसाला, फोन केला, की बहुधा "माणूस चांगला आहे" एवढेच ऐकायला मिळते आणि निवडीला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. त्याऐवजी स्वयंसेवक-व्यवस्थापकाने आधी नेमके काम सांगावे, उदाहरणार्थ "एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी औषधे पोचवणे", आणि मग "हे काम तुम्ही त्यांच्यावर सोपवाल का, आणि कोणते सोपवणार नाही?" असे विचारून गप्प राहावे. प्रश्नाचा उत्तरार्धच खरा कामाचा; तिथे लोक मोकळे बोलतात. उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह नोंदवावे. मात्र फोन अर्जदाराच्या लेखी संमतीनंतरच करावा, आणि लहान मुले किंवा वृद्धांशी एकट्याने संबंध येणार असल्यास या फोनला पोलीस पडताळणीचा पर्याय समजू नये.