जुन्या फोर बाय फोरच्या गिअरबॉक्स-ट्रान्सफर बॉक्सचं ऑइल निवडताना आधी काय काय बघून ठेवायचं

ऑइलचं नाव काढायच्या आधी गाडीखाली जा आणि आत बॉक्स नेमका कुठला बसलाय ते बघा. पंचवीस-तीस वर्षं जुन्या गाडीत कंपनीने बसवलेलाच बॉक्स आजही असेल याची खात्री नसते, मधल्या एखाद्या मालकाने दुसऱ्या मॉडेलचा फाइव्ह स्पीड टाकलेला असतो आणि आपण फोर स्पीडचं मॅन्युअल वाचून ऑइल घेऊन येतो. केसिंगवरचा नंबर डिझेलने पुसून घ्या, फोटो काढा, ट्रान्सफर बॉक्सचाही (गिअरबॉक्सच्या मागचा डबा, जो पुढच्या-मागच्या दोन्हीकडच्या चाकांना ताकद वाटतो) काढा, आणि मग त्या बॉक्सचं मॅन्युअल शोधा, गाडीचं नव्हे.

हे एवढं का सांगतोय तर लँड रोव्हरचंच घ्या. सिरीज थ्रीच्या फोर स्पीडला जाड ईपी ९० (ईपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रेशर, जास्त दाब झेलणारं) लागतं, एलटी७७ गिअरबॉक्सला चक्क एटीएफ, म्हणजे ते लाल पातळ ऑटोमॅटिकवालं, आणि त्यानंतरच्या आर३८०ला एमटीएफ९४ नावाचं वेगळंच. बरं या दोन्हींच्या मागे जो एलटी२३० ट्रान्सफर बॉक्स असतो त्याला पुन्हा जाड गिअर ऑइल. म्हणजे एकाच गाडीत एकमेकांना चिकटलेल्या दोन डब्यांमध्ये दोन वेगळी ऑइल. त्यामुळे यादीत "गिअर ऑइल" असं मोघम लिहू नका, दोन ओळी करा, गिअरबॉक्सची एक आणि ट्रान्सफरची एक.

आता मेन मुद्दा, जीएल-४ का जीएल-५, म्हणजे डब्यावर लिहिलेला गिअर ऑइलचा प्रकार. आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी असं अजिबात नाही, आणि जुने बॉक्स सगळ्यात जास्त इथेच खराब होतात असं माझं स्पष्ट मत आहे. जीएल-५ बनवलंय डिफरन्शिअलच्या (दोन चाकांच्या मधल्या डब्यातल्या) हायपॉइड क्राऊन-पिनियन गिअरसाठी, तिथे दाते एकमेकांवर जोरात घसरतात म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचं ईपी अ‍ॅडिटिव्ह जीएल-४च्या साधारण दुप्पट असतं. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंग असते आणि तिचं कामच मुळी घर्षणावर चालतं, तिने कोनला घट्ट धरून दोघांचा स्पीड एक केला की मगच गिअर पडतो. तिथे फार निसरडं ऑइल असेल तर रिंग धरतच नाही, गिअर टाकताना खर्रर्र होतं, आणि त्यातला अ‍ॅक्टिव्ह गंधक गरम झाल्यावर पितळ-ब्राँझ हळूहळू खातो तो भाग वेगळाच. माझ्या गाडीत एका गॅरेजने तिन्ही-चारी ठिकाणी एकच डिफरन्शिअलचं ऑइल भरून दिलं होतं, तेव्हापासून तिसरा गिअर थंडीत नीट पडेना, काढून जीएल-४ भरलं तेव्हा बराच फरक पडला, पण रिंग तोवर घासलेली होती ती काही परत आली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

काही डब्यांवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं असतं. अशा वेळी त्या ऑइलची डेटाशीट उघडा आणि कॉपर कोरोजन, एएसटीएम डी१३० अशी ओळ शोधा. तांब्याची पट्टी गरम ऑइलमध्ये बुडवून ती किती काळवंडते ते बघतात, १ए किंवा १बी म्हणजे पट्टी जवळजवळ जशीच्या तशी, आकडा वर गेला की डाग जास्त. आजकालची बरीच जीएल-५ पितळाला तितकी खात नाहीत हे खरं आहे, पण निसरडेपणाचा प्रश्न त्याने सुटत नाही, म्हणून सिंक्रोवाल्या बॉक्सला मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल तर जीएल-४च. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलचं फ्रिक्शन मॉडिफायरवालं (घर्षण कमी करणारं रसायन घातलेलं) ऑइल तर गिअरबॉक्सच्या जवळपासही आणू नका.

जाडी बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, गिअर ऑइलचं ९० आणि इंजिन ऑइलचं ४० यांचे आकडे वेगळ्या मापाचे आहेत, गरम झाल्यावर ९० गिअर ऑइल साधारण ४० ते ५० इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. म्हणून एखाद्या जुन्या बॉक्सला मॅन्युअलने इंजिन ऑइल सांगितलं असेल तर छपाईची चूक समजून ९० भरू नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, तो लहान असला की सकाळी पहिला-दुसरा गिअर हलका पडतो, म्हणून जिथे चालतं तिथे मी ८०डब्ल्यू-९० ऐवजी ७५डब्ल्यू-९० घेतो.

ट्रान्सफर बॉक्सला एकच प्रश्न विचारायचा, आत चेन आहे का गिअर. एनपी२३१सारख्या चेनवाल्यात छोटा ऑइल पंप असतो आणि त्याला एटीएफच लागतं, जाड ऑइल थंड असताना पंप नीट उचलत नाही. जुना डाना १८ किंवा वर सांगितलेला एलटी२३० हे गिअरवाले, त्यांना गिअर ऑइल. यांच्यात बहुतेकदा सिंक्रो नसतो म्हणून जीएल-५ चालून जातं, फक्त आत ब्राँझचे बुश किंवा वायसर आहेत का ते बघा.

कामाच्या दिवशी गाडी सपाट जागेवर, दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणलेली, आणि आधी फिलर प्लग उघडायचा, मग ड्रेन. उलटं केलं आणि फिलर जाम निघाला तर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. प्लगला बसेल असाच चौकोनी किंवा अ‍ॅलन पाना, नवीन तांब्याचे वायसर, ऑइल चढवायला पंप किंवा लांब नळी, दोन वेगळी भांडी. भांडी वेगळी का, तर दोन्हीकडून निघालेलं ऑइल मोजायचंय. गिअरबॉक्समधून कमी निघालं आणि ट्रान्सफरमधून जास्त, तर मधलं सील गेलंय, अशा वेळी दोन वेगळी ऑइल भरून काही उपयोग नाही, ती आत एक होणारच, आधी सील. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी चिखल असेल तर ठीक, टोचणारे तुकडे असतील तर थांबा. ऑइलमध्ये सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो किंवा बुश झिजतोय. दुधाळ रंग म्हणजे पाणी, मग ब्रीदरची (बॉक्सची हवा आत-बाहेर करणारी) नळी तपासा, ती बुजली असेल आणि गाडी पाण्यातून काढली की गरम केसिंग थंड होताना सीलमधूनच पाणी आत ओढतं.

भरायचं फिलरच्या कडेपर्यंत, बाहेर येऊ लागलं की बास, जास्त भरलं की फेस होतो आणि सीलमधून येतं. मग दोन-तीनशे किलोमीटर चालवून दोन्ही फिलर परत उघडा आणि बोट घालून लेव्हल बघा, आणि कुठलं ऑइल भरलंय ते पत्र्याच्या पट्टीवर लिहून बॉक्सजवळ तारेने बांधून ठेवा.