पंचेश्वरच्या महसीर कॅम्पसाठी पुण्याहून बॅग भरताना

उत्तराखंडात सरयू जिथे महाकालीला मिळते, तिथल्या पंचेश्वरच्या कॅम्पवर लोक महसीर हा मोठा नदीमासा गळाला लावायला जातात. त्या कॅम्पपासून बरा म्हणावा असा बाजार लोहाघाटला आहे, सुमारे ४० किलोमीटर घाटरस्त्यावर. तिथे स्वेटर मिळेल, मोबाइलचा चार्जर मिळेल. पण रॉडच्या (मासेमारीच्या काठीच्या) टोकाची, दोरा ओवायची कडी किंवा मजबूत स्प्लिट रिंग, म्हणजे हुक आमिषाला जोडणारी दुहेरी वेढ्याची कडी, मिळणार नाही. त्यामुळे बॅग भरताना एकच धोरण ठेवा: वस्तूंचे प्रकार कमी आणि तुटणाऱ्या भागांचे जोड भरपूर. बहुतेकांच्या बॅगेत नेमकं उलटं असतं. वीस रंगांची कृत्रिम आमिषं असतात आणि हुक बदलायची पक्कड घरी राहिलेली असते.

आधी कॅम्पला लेखी विचारून घ्या. मासेमारीचा परवाना कोण काढणार? लाइफ जॅकेट आणि मोठं जाळं तिथे आहे का? वीज किती तास असते? शेवटच्या टप्प्यात सामान डोक्यावरून जातं की गाडीतून? उत्तरांवर दोन-तीन किलो वजन सहज वाचतं. सामान पायवाटेने जाणार असेल तर चाकांची सूटकेस नको, ६० लिटरची मऊ डफल घ्या.

आता रॉड. सोनेरी महसीरसाठी ९ ते १० फुटी, २० ते ६० ग्रॅम आमिष फेकणारा स्पिनिंग रॉड पुरेसा होतो. विमानाने दिल्लीला जाणार असाल तर चार तुकड्यांचाच घ्या. ९ फुटी रॉडचा तुकडा साधारण ७० सेंटीमीटरचा होतो आणि डफलमध्ये तिरका बसतो. देशांतर्गत विमानात चेक-इन सामान सहसा १५ किलो असतं आणि बऱ्याच कंपन्या तेवढं एकाच नगात धरतात. लांब नळी वेगळी दिली तर तिचे पैसे वेगळे. झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने जाणाऱ्यांना ही अडचण नाही, दोन तुकड्यांचा १० फुटी रॉड बर्थखाली आरामात राहतो.

त्यासाठी नळी घरी बनवा. पुण्यात बोहरी आळीत ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो. रॉडच्या तुकड्यापेक्षा ८ सेंटीमीटर लांब कापून घ्या. एका टोकाला टोपण सॉल्व्हेंटने कायमचं चिकटवा, दुसऱ्याला आट्यांचं टोपण बसवा आणि दोन्ही टोकांना आतून इंचभर फोम घाला. तुकडे एकमेकांना कापडी पट्टीने बांधा, टोकाकडचा नाजूक भाग जाड भागाच्या आड येऊ द्या. पाइपला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडायला विसरू नका. ओला रॉड बंद नळीत राहिला की कॉर्कच्या मुठीला बुरशी येते आणि कड्यांच्या पायाशी गंज धरतो. रॉड मोडतात ते सहसा मासा ओढताना नाही, गाडीच्या दारात. म्हणून टोकाच्या दोन-तीन मापांच्या सुट्या कड्या आणि हॉट ग्लूची अर्धी कांडी सोबत हवीच. लायटर विमानात चालत नाही, तो टनकपूर किंवा काठगोदाम या पायथ्याच्या स्थानकांवर उतरल्यावर घ्या.

रीळ ५००० मापाच्या आसपासचं, आणि एक सुटा स्पूल (रिळाचा दोरा गुंडाळायचा भाग) दोरा भरून तयार. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा ४० पौंडी, २०० ते २५० मीटर. ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळला तर सगळा दोरा स्पूलवर गरगर फिरतो आणि ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरा ठरावीक ताणाला सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडल्यासारखं वाटतं, म्हणून खाली साध्या नायलॉनचे १०-१५ मीटर द्या. वरचा दोरा ओल्या फडक्यात दाबून, ताणून भरा. सैल भरला तर पहिल्याच जोरदार ओढीला वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि दोरा तुटतो. ड्रॅग घरीच लावून बघा: दोरा रॉडच्या कड्यांतून ओवून वजनाच्या स्प्रिंग काट्याला बांधा आणि ४ ते ५ किलोला सुटेल असा ठेवा. नंतर स्क्रू सैल करूनच रीळ पॅक करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. याच काट्याने शेवटी बॅगही तोलता येते.

आमिषं दहाच घ्या: १८ ते २८ ग्रॅमचे सहा स्पून (चमच्यासारखे धातूचे), ९ ते १२ सेंटीमीटरचे चार प्लग (माशाच्या आकाराचे). महाकालीला वरून हिमनद्यांचं पाणी येतं, उन्हं तापली की ती गढुळते. सरयू त्या मानाने नितळ राहते. म्हणून निम्मी मोठी आणि चकचकीत, निम्मी लहान आणि फिकट असू द्या. दुकानातून आणलेल्या आमिषांवरचे तिहेरी हुक काढून जाड तारेचे एकेरी हुक लावा आणि त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा. महसीरच्या घशातले दात आणि जबड्याची ताकद साध्या हुकला सरळ करते, पातळ रिंग उघडते. २० हुक, २० स्प्लिट रिंगा, रिंग उघडायची पक्कड आणि हुक तोडू शकेल अशी साइड कटर पक्कड एकाच डबीत ठेवा. फ्लुओरोकार्बन या कठीण दोऱ्याचे दीड मीटरचे पाच-सहा लीडर (आमिषाआधीचे तुकडे) मापाने कापून फोमवर गुंडाळून न्या. लीडर ब्रेडला जोडायची एफजी नावाची गाठ घरी दहा वेळा बांधून बोटांत बसवा, काठावर थंड हातांनी ती शिकता येत नाही.

मासा सोडायचा आहे हे धरूनच सामान निवडा. मुळा-मुठेतल्या खडस माशाचं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अभ्यासकाने १८३९ मध्ये केलं, तो दख्खनचा महसीर. हिमालयातला सोनेरी महसीर वेगळी जात आहे आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे. त्याला फडक्याने धरू नये, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. २५ सेंटीमीटर लांब चिमटा, मोजायची कापडी टेप आणि ओले हात पुरतात. कॅम्पकडे रबरी जाळं नसेल तर तेवढं मात्र न्या. मासा जबड्याला अडकवून लटकवायचा वजनकाटा घरीच राहू द्या.

कपड्यांत पुणेकरांचा अंदाज हमखास चुकतो. हिमालय म्हटलं की जाड जॅकेटं निघतात. लोहाघाट सुमारे १७०० मीटरवर आहे, पण संगम पाचशे मीटरच्या आसपास, खोल दरीत. मार्चच्या पहाटे फ्लीस लागतो, दुपारी घाम येतो. मेमध्ये दुपार असह्य होते. पूर्ण बाह्यांचे लवकर वाळणारे तीन शर्ट, दोन पँट, एक फ्लीस, एक पातळ रेनकोट, रुंद काठाची टोपी. सुती जीन्स नको, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. पोलराइज्ड चष्मा दोरीसकट घ्या: पाण्याखालचे दगड दिसतात आणि उलट उडालेला हुक डोळ्यात जात नाही. बूट फेल्ट (नमद्याच्या) तळाचे. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारी, या प्रवाहात नेऊच नका, पाय घसरला आणि ते भरले की उभं राहणं कठीण होतं.

औषधांत नेहमीच्या गोळ्या, ओआरएस, बीटाडीन, गॉज आणि घाटात उलटी होणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून गोळी. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्यापूर्वी घेऊन टाका. डीट हे रसायन असलेलं डासांचं मलम लावलेल्या हाताने दोऱ्याला आणि प्लगला शिवू नका, ते प्लॅस्टिक विरघळवतं.

पॉवर बँक केबिन बॅगेतच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तासांची भरते, मर्यादा १०० ची आहे. हुक, चाकू आणि पकडी मात्र चेक-इनमध्ये. परदेशातून आणलेला सॅटेलाइट मेसेंजर नेऊ नका, परवानगीशिवाय तो भारतात बेकायदा आहे. महाकालीच्या पलीकडे नेपाळ आहे, म्हणून सीमेवर ड्रोनही नको. नदीकाठी फोन नेपाळचा टॉवर पकडतो. रोमिंग बंद ठेवा आणि घड्याळाची आपोआप वेळ बंद करून भारतीय वेळ स्वतः लावा, नाहीतर फोन पंधरा मिनिटं पुढे पळतो. मूळ ओळखपत्र आणि रोख रक्कम झिप पिशवीत ठेवा, एटीएमचं काम लोहाघाटलाच उरका.

सगळं भरून बॅग तोला आणि १२ किलोवर थांबा. परतीला फेल्टचे बूट आणि ओले कपडे मिळून दोन-अडीच किलो वाढतात.